कातलेले सूत उकलू नये

३० मे २०१६ची रात्र आम्ही नाचणगावकर विसरणार नाही. मध्यरात्र उलटल्यावर पुलगावजवळ दारूगोळ्याला आग लागली आणि स्फोटांचे आवाज सुरू झाले. खिडक्यांची तावदाने थरथरली, आभाळ लाल झाले. जवळपासच्या गावांतली माणसे लेकरांना उचलून घराबाहेर पडली. आग विझवायला गेलेले कितीतरी जण परत आलेच नाहीत. सकाळ झाली, आग आटोक्यात आली. मनातली भीती मात्र विझली नाही.

आठवडाभरातच रमजान आला. ७ जूनला पहिला रोजा. विदर्भातला जून आणि चौदा तासांहून मोठा रोजा. पण मला भूक-तहान जड गेली नाही, जड गेली ती रात्र. तरावीहची नमाज पढून पाठ टेकली की कान दाराकडे लागत. कुणी दुकानाचे शटर ओढले, मालगाडीचे डबे आदळले, तरी छातीत धस्स होई. नमाजला उभी राहिले की ओठांवर आयत आणि मन भलतीकडेच. रोजा ठेवते, नमाज पढते, मग मन शांत का होत नाही? हा प्रश्न विचारायचीही लाज वाटे.

अम्मीने मात्र न विचारता ओळखले. एका रात्री तिने पेटीतून जुन्या सुती साड्या काढल्या, चटईवर एकावर एक पसरल्या आणि माझ्या हातात सुई दिली. म्हणाली, "हाथ को काम दे बेटा, दिल पीछे-पीछे आ जाएगा."

गोधडी शिवताना पाहिलेल्यांना तिची रीत ठाऊक असते. आधी थर सारखे करून घ्यायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. मग ते हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे. त्यानंतर खरे काम, धावदोरा. एका कडेने सुरुवात करून ओळीला लागून ओळ, सुई खाली, सुई वर. यात कसबापेक्षा सातत्य लागते. अम्मीने त्यात एक भर घातली. प्रत्येक टाक्याला मनातल्या मनात एक जिक्र, म्हणजे अल्लाहचे स्मरण. ३३ टाके 'सुब्हानल्लाह', ३३ टाके 'अलहम्दुलिल्लाह' आणि ३४ टाके 'अल्लाहु अकबर'. नमाजनंतर तस्बीहच्या मण्यांवर हीच मोजणी होते. ३३ टाक्यांत दीड वीतभर ओळ होते. शंभर पूर्ण झाले की दोरा संपत आलेला असे आणि श्वासही सावकाश झालेला असे.

पहिल्या तीन-चार रात्री माझे टाके वेडेवाकडे पडले. एक मोठा, एक बारीक, ओळ तिरपी. मला ते उसवायचे होते. अम्मीने हात धरला. "राहू दे. पुढची ओळ सरळ घाल." दहाव्या-बाराव्या रोजाच्या सुमारास माझ्या लक्षात आले, की रात्री मालगाडी गेली आणि माझी सुई थांबली नाही.

यात जादू काही नव्हती. घाबरलेले मन एक तर घडून गेलेल्या रात्रीत असते किंवा न आलेल्या रात्रीत. सुईला या क्षणीच रहावे लागते. क्षणभर चुकली की बोटाला टोचते. डोळा, हात, श्वास आणि मोजणी एकाच जागी आली, की भीतीला बसायला जागा उरत नाही. ती जात नाही, पण कोपऱ्यात सरकते. माझ्यापुरते एवढेही पुष्कळ होते.

शिवणटिपण हे बायकांचे फुटकळ काम, असे अनेकांना वाटते. प्रेषित मुहंमद (स.) घरी असताना काय करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले. त्यांनी सांगितले, की ते आपले कपडे स्वतः शिवत आणि चपला स्वतः दुरुस्त करत. ज्यांच्या शब्दाची लाखो माणसे वाट पाहत, त्यांच्या हाताला सुईचा कमीपणा नव्हता.

आणि आपण तर कापसाच्या मुलखात राहतो. नाचणगावपासून सेवाग्राम फार दूर नाही. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. रोजच्या सूतकताईला ते यज्ञ म्हणत. पतियाळाच्या बीबी अमतुस्सलाम याच आश्रमात आपली नमाज आणि रोजे सांभाळून राहिल्या. गांधीजी आल्यानंतर वर्ध्याच्या शाळांचे वर्ग देशभर गाजावेत अशी एक घटना घडली. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे १९६७मध्ये भारताचे राष्ट्रपती झालेले. त्यांच्या आराखड्यात कताई-विणाई हा सुट्टीतला छंद नव्हता. मुलाचा अभ्यास त्या कामाभोवती गुंफलेला होता. हाताला वळण लागले की डोक्यालाही लागते, हा विचार आपल्याच जिल्ह्यात रुजला. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. तिथले चरखे मुलांना जरूर दाखवावेत.

सूत कातून पाहिलेल्याला एक गोष्ट कळते. धागा जोराने ओढला तर तुटतो, सैल सोडला तर जाड-बारीक होतो. पेळू धरलेला हात आणि चाक फिरवणारा हात एकमेकांचे ऐकू लागले तरच सूत निघते. रोजा याहून वेगळे काय शिकवतो? इच्छेला मारून टाकायचे नाही, मोकाटही सोडायचे नाही. तिचा ताण सांभाळायचा. यालाच आम्ही 'सब्र' म्हणतो.

आता रमजान सरकत सरकत परीक्षांच्या दिवसांत येऊ लागला आहे. माझ्या मुलीला सुईची आवड नाही. तिला कागद लागतो. दहावीच्या वर्षी सहेरीनंतर पुस्तक उघडले की तिचे हात गार पडत. तिला मी कंपासपेटीतला परकार दिला. परकार हा शब्दही फारसीतूनच मराठीत आलेला. एक वर्तुळ काढायचे. परकाराचे अंतर तसेच ठेवून टोक परिघावर टेकवायचे आणि कंस काढायचा. तो कंस परिघाला छेदेल तिथे पुन्हा टोक, पुन्हा कंस. बरोबर सहा पावलांत आपण निघालो तिथे परत येतो आणि मध्ये सहा पाकळ्यांचे फूल उमलते. मात्र परकार मध्येच जरासा जरी सरकला, तर सहावे पाऊल जागेवर पडत नाही. मशिदींच्या जाळ्यांतली, छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यातली नक्षी अशाच वर्तुळांतून आणि चौकोनांतून वाढत गेली आहे. मशिदीत सजीवांची चित्रे काढायची नाहीत म्हटल्यावर कारागिरांनी रेषेलाच इबादतीचे बळ दिले.

अक्षरांचेही तसेच. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला याने अरबी अक्षरांची मापे ठिपक्यांत बांधली. बोरूने एक ठिपका काढायचा आणि त्या ठिपक्यांनी अलिफची उंची मोजायची. म्हणून सुलेखन शिकणारा आधी ठिपकाच गिरवतो, पानेच्या पाने.

मुलीची फुले पाहून शेजारच्या काकू हसल्या. "अवं, हे तं आमच्या रांगोळीवानीच आहे!" खरेच होते. फज्रची नमाज पढून मी दार उघडते तेव्हा काकू अंगणात सडा टाकून ठिपके मांडत असतात. एकही ठिपका चुकला तर रेघ जुळत नाही, म्हणून त्या वेळी त्या कुणाशी बोलत नाहीत. दोन अंगणे, दोन श्रद्धा; पण पहाटेची ती शांतता एकच.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. टाका किंवा रेघ नमाजची जागा घेऊ शकत नाही; ती मनाला नमाजपर्यंत आणून सोडते, एवढेच. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरकडे जावे. त्यात ईमानाची कमतरता नाही.

कुरआनच्या सूरह नहलमध्ये (आयत ९२) सूत कातणाऱ्या एका बाईचा दाखला आहे. मेहनतीने सूत कातून पक्के केले आणि मग आपल्याच हाताने उकलून टाकले, तिच्यासारखे होऊ नका, असा त्याचा आशय. शपथ आणि वचन मोडणाऱ्यांना दिलेला तो इशारा आहे. मला तो ईदनंतर हटकून आठवतो. महिनाभर जीभ आवरली, राग गिळला, जकात दिली, रात्री जागवल्या. आणि चाँदरात सरली की आठ दिवसांत सारे सूत मोकळे! रमजानमध्ये कमावलेली शांतता शव्वालमध्येही टिकवायची असेल, तर तिला रोजचा एखादा धागा हवा. दहा मिनिटांचा असला तरी चालेल.

ती गोधडी आमच्या घरात अजून आहे. अम्मी आता थकली आहे, तीच ती पांघरते. तिच्या एका कोपऱ्यात माझे त्या पहिल्या रात्रींचे वाकडे टाके जसेच्या तसे आहेत. त्यांच्यावर बोट फिरवले की कळते, भीती कुठवर होती आणि ओळ कुठून सरळ झाली. अल्लाह प्रत्येक घाबऱ्या मनाला अशी एक सरळ ओळ देवो. आमीन.