नाव नव्हे, खेळ पाहणारा मॅनेजर

ग्लासगो हे स्कॉटलंडमधले मोठे शहर. तिथे फुटबॉलचे दोन जुने क्लब आहेत. सेल्टिक कॅथलिकांचा, रेंजर्स प्रोटेस्टंटांचा. दोन्ही बाजू हजरत ईसांचे नाव घेणाऱ्या, तरी वैर असे की सामन्याच्या दिवशी डोकी फुटायची. सेल्टिकने प्रोटेस्टंटांना निदान दूर ठेवले नाही. १९६७ साली त्यांना युरोपियन कप जिंकून देणारे मॅनेजर जॉक स्टीन प्रोटेस्टंटच होते. रेंजर्सचे दार मात्र अनेक दशके कॅथलिक खेळाडूला जवळपास बंद होते. लेखी नियम कुठेच नव्हता. न लिहिलेली बंदी कशी असते, हे शहरात भाड्याचे घर शोधलेल्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१९८६ साली ग्रॅम सूनेस या क्लबचे खेळाडू-मॅनेजर झाले. एडिनबरोत १९५३ साली जन्मलेला हा मधल्या फळीतला खेळाडू. लिव्हरपूलकडून त्यांनी पाच लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप जिंकले, त्यातला १९८४ चा कप कर्णधार म्हणून. नंतर दोन वर्षे इटलीत. खेळ देखणा, पण टॅकल असे की समोरचा घाबरावा. रेंजर्सकडून पहिल्याच लीग सामन्यात लाल कार्ड घेऊन बाहेर गेले!

जुलै १९८९ मध्ये त्यांनी मो जॉन्स्टन या स्ट्रायकरला घेतले. तो कॅथलिक, शिवाय सेल्टिकचा जुना खेळाडू. दोनच महिन्यांपूर्वी तो सेल्टिकमध्ये परतणार म्हणून पत्रकारांसमोर उभा राहिला होता. त्यामुळे दोन्हीकडचे लोक भडकले. रेंजर्सच्या काही चाहत्यांनी मफलर जाळले. सूनेस हलले नाहीत. नोव्हेंबरात जॉन्स्टनने सेल्टिकविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल केला आणि मोसमाअखेर लीगही रेंजर्सनेच जिंकली. ग्लासगोतले वैर त्याने संपले नाही, पण रेंजर्सचे दार पुन्हा बंद झाले नाही.

सूनेस फरिश्ता होते असे आम्ही म्हणत नाही. १९९२ साली, लिव्हरपूलचे मॅनेजर असताना, त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. ती कहाणी त्यांनी 'द सन' या वर्तमानपत्राला दिली. हिल्सबरो दुर्घटनेतील मृतांची बदनामी करणारे हेच वर्तमानपत्र. लिव्हरपूलकरांचे मन त्यामुळे दुखावले. सूनेस यांनी पुढे माफी मागितली, पण बरेच लोक अजून विसरलेले नाहीत.

तुर्कस्तानात मात्र त्यांचे नाव वेगळ्याच कारणाने निघते. १९९५ साली ते गलतासराय क्लबकडे गेले. फेनरबाहचेच्या एका पदाधिकाऱ्याने आपल्या आजारपणावरून आपल्याला हिणवले होते, असे ते सांगतात. एप्रिल १९९६ मध्ये त्याच फेनरबाहचेच्या मैदानावर गलतासरायने तुर्की कप जिंकला. सूनेस यांनी क्लबचा मोठा झेंडा घेतला, धावत जाऊन मैदानाच्या मधोमध रोवला. प्रेक्षक चवताळले. गलतासरायच्या चाहत्यांना मात्र उलुबातली हसन आठवला, १४५३ साली सुलतान मेहमेद फातेहच्या फौजेतून कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर झेंडा रोवणारा म्हणून ज्याची कथा तुर्की मुले ऐकतात. तुलना जरा जास्तच झाली खरी, पण एका स्कॉटिश माणसाला तो मान इस्तंबूलने दिला.

जून २०२३ मध्ये, सत्तरीत, सूनेस काही साथीदारांसह आळीपाळीने पोहत इंग्लिश खाडी ओलांडून गेले. जरा घासले तरी ज्या मुलांची कातडी सोलवटते, त्यांच्या आजारावर संशोधन व्हावे म्हणून ते पैसे जमवत होते.