नाण्यावरील लेख : टांकसाळीतील चूक आणि उत्तरकालीन हानी

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर होय. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचा माल भडोचकडे जात असल्याचा निर्देश आहे. १९५८ मध्ये चापेकर यांनी येथे उत्खनन केले. येथील शासकीय वस्तुसंग्रहालय मात्र रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व परिसरात जमविलेल्या वस्तूंच्या आधारे उभे राहिले. भूपृष्ठावर सापडलेल्या नाण्याच्या पाठीशी थराची साक्ष नसते. त्याचा पुरावा त्याच्या अंगावरच वाचावा लागतो. म्हणूनच नाण्यावरील वैगुण्य केव्हा उत्पन्न झाले, हा प्रश्न भाषाभ्यासकालाही टाळता येत नाही.

सातवाहन नाण्यांवर ‘रञो सिरि सातकणिस’ अशा धर्तीचे प्राकृत लेख असतात. त्यातील अंत्य ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय. एखाद्या नाण्यावर तो न दिसल्यास विभक्तिलोपाचे अनुमान मोहक वाटते. त्याचप्रमाणे ‘खद’ व ‘खंद’ यांतील भेद केवळ एका बिंदूचा आहे, आणि तांब्यावरील गंजाचा खड्डा किंवा शिशावरील पांढरे पुट असा बिंदू निर्माणही करू शकते व लपवूही शकते.

वैगुण्याची उत्पत्ती तीन अवस्थांत संभवते. पहिली ठशाची. खोदणाऱ्याने अक्षर गाळले वा उलटे कोरले, तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तीच चूक पुनरावृत्त होते. दुसरी आघाताची. चकती सरकल्यास लेखाचा एक भाग बाहेर पडतो आणि चकती ठशाहून मोठी असल्यास विरुद्ध बाजूस कोरा धातू राहतो. तिसरी अवस्था टांकसाळीनंतरची : झीज, कातरणे, सराफाने पारखण्यासाठी मारलेल्या खुणा, नांगराचा घाव.

यांची पारख धातूच्या हालचालीवरून होते. ठशाखाली धातू दबून अक्षराच्या साच्यात शिरतो. नंतरच्या घावाने तो बाजूस सरकून कडेला उंचवटा धरतो आणि मूळ अक्षरावर आरूढ होतो. कातरलेल्या नाण्यात अक्षर मध्येच तुटते व वजन घटते. परंतु शिशाच्या नाण्यांची वजने मुळातच अनियमित असल्याने केवळ वजनावर विसंबू नये. मागील नाणे वरच्या ठशास चिकटून राहिले, तर पुढील चकतीच्या दोन्ही बाजूंस एकच चित्र उमटते, एकीकडे उठावाचे व दुसरीकडे खोलगट आणि उलटे. दोन तयार नाणी एकमेकांवर दाबूनही खोलगट अक्षरे उमटतात. मात्र तेथे मूळ चित्राचे चेपलेले अवशेष शिल्लक असतात. पुटाची साक्ष एकांगी आहे. पुट छेदणारा ओरखडा अर्वाचीन ठरतो. पण पुटाखालील घाव टांकसाळीतलाच असे सिद्ध होत नाही, कारण तोही पुरला जाण्यापूर्वी झालेला असू शकतो.

याशिवाय एक प्रकार असा, की जो चूकही नव्हे व हानीही नव्हे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. त्यांवरील अक्षरांची गुंतागुंत सदोष छपाई मानली असती, तर क्षहरातांवरील सातवाहनांच्या विजयाचा एक प्रत्यक्ष पुरावा हातचा गेला असता.

सारांश, एकाकी नाण्यावरील अपूर्व रूप व्याकरणात दाखल करण्यापूर्वी त्याच ठशाचे दुसरे नाणे शोधणे अवश्य आहे. ते रूप तेथेही आढळल्यास ती ठशाची साक्ष होय. मग ते बोलीचे वैशिष्ट्य की खोदणाऱ्याचा प्रमाद, हा विचार सुरू होतो. दुसरे नाणे उपलब्ध नसेल, तर दिसते तेवढेच अक्षर नोंदवावे आणि गेलेल्या अक्षराची जागा रिकामी ठेवावी.