केळीच्या खोडापासून दोरी, दोरीपासून तोरण: फुकटच्या मटेरियलचं खान्देशी क्राफ्ट

(हे या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेले ‘अं…’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

 

आज थोडं वेगळं. घरी बसून काहीतरी बनवावं अशी हौस हल्ली बऱ्याच जणांना असते. रील बघायची, ॲपवरून मॅक्रमेचं किट मागवायचं, ग्लू गन मागवायची, ज्यूटची गुंडी मागवायची. वस्तू बनते छान, पण हिशोब केला तर तयार तोरण घेणं स्वस्त पडलं असतं. आणि गंमत म्हणजे आपण हे ज्या जिल्ह्यात बसून करतोय, तिथे दोरीचा कच्चा माल बांधावर सडत पडलेला असतो. केळीचं खोड.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हे आपण अभिमानाने सांगतो. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, पलीकडे धुळे जिल्ह्यात शिरपूर, सगळीकडे केळी. पण केळीचं झाड एकदाच घड देतं. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं. पुढचं पीक बाजूच्या पिलावर येतं, ज्याला आपण खोडवा म्हणतो.

आता जरा गणित करू, सवय आहे. ५ बाय ५ फुटांवर लागवड असेल तर एकरात साधारण १,७४२ झाडं बसतात. एका खोडाचं वजन १५ किलो जरी धरलं तरी एका एकरात २६ टन खोड झालं. त्यात बहुतेक पाणीच असतं. धागा निघतो ढोबळमानाने वजनाच्या एक टक्का, फार तर दीड. म्हणजे एकरी अडीचशे किलोच्या पुढे धागा. तो हाताने काढून कोणी श्रीमंत होणार नाही, हे आत्ताच सांगतो. त्यासाठी मशीन लागतं, आणि मशीन लावलं की तो व्यवसाय झाला, हौस नाही. पण घरच्या कामासाठी एक खोड पुरतं. १५ किलोतून दीडशे ग्रॅम धागा. ऐकायला कमी वाटतं, पण वाळलेला धागा इतका हलका असतो की दीडशे ग्रॅमचा चांगला मोठा झुबका होतो.

खोड मिळवायचं कुठून? गावात असाल तर प्रश्नच नाही. ज्या शेतात नुकतीच काढणी झालीय तिथल्या जिभाऊंना विचारा. फक्त न विचारता उभं खोड तोडू नका. घड उतरवल्यावरही अनेक शेतकरी खोड काही दिवस उभं ठेवतात, कारण त्यातलं पाणी आणि अन्न पिलाला मिळतं. आपल्याला आडवं पडलेलं चालतं. शहरात असाल तर सत्यनारायण, कानबाई किंवा लक्ष्मीपूजनाला चौरंगाला जे केळीचे खांब बांधतात ना, ते दुसऱ्या दिवशी टाकून दिले जातात. तेच घ्या. ते कोवळे असतात, धागा कमी आणि नाजूक निघतो, पण हात बसवायला उत्तम.

खोड म्हणतो खरं, पण ते लाकूड नसतं. पानांचे देठ एकमेकांवर गच्च गुंडाळून झालेली ती गुंडाळी असते. एकेका थराला सोपट म्हणतात. सोपट आडवं कापून बघा: बाहेरच्या बाजूला चिवट पातळ साल, मध्ये मधाच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी, आणि आत पुन्हा एक पातळ पापुद्रा. कामाचा धागा बहुतेक सगळा त्या बाहेरच्या सालीत असतो. हे कळलं की अर्धी मेहनत वाचते, कारण जाळी आणि आतला पापुद्रा आधीच हाताने सोलून फेकता येतो. खरवडायला उरते फक्त पातळ पट्टी.

कुठलं सोपट घ्यायचं हेही महत्त्वाचं. सगळ्यात बाहेरची सुकलेली, तपकिरी असतात, धागा जाड आणि खरखरीत. अगदी गाभ्यातली इतकी कोवळी की धागा तुटतो. मधली घ्या.

इथे एक जपानी गोष्ट सांगायलाच हवी. ओकिनावा बेटावर किजोका नावाचं गाव आहे. तिथे केळीच्याच कुळातल्या एका झाडाच्या धाग्यापासून कापड विणतात, त्याला बाशोफु म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला जवळपास संपली होती. तायरा तोशिको नावाच्या बाईंनी गावातल्या बायकांना सोबत घेऊन ती पुन्हा उभी केली. १९७४ मध्ये जपान सरकारने या कापडाला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि २००० मध्ये तोशिकोबाईंना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला. त्या २०२२ मध्ये गेल्या. त्यांच्याकडे पहिली पायरी काय, तर थर वेगळे करणं. बाहेरचा जाड धागा जाडसर वस्तूंना, आतला मऊ धागा किमोनोला. एकाच खोडातून वेगवेगळ्या प्रतीचा माल. आपल्याकडे ते झाड नाही, आपली ग्रँड नैन आहे, त्यामुळे किमोनोची स्वप्नं नकोत. पण थर वेगळे करायची त्यांची शिस्त मात्र उचलण्यासारखी आहे.

बरं, आता प्रत्यक्ष काम.

दोन-अडीच फुटांचे तुकडे करा. सोपटं सुटी करा, दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा, आतली जाळी सोलून टाका. एका लाकडी फळीवर पट्टी ठेवा, बाहेरची गुळगुळीत बाजू खाली. एक टोक घट्ट धरा आणि बोथट कडेने गर खरवडत न्या. धारदार सुरी नको, ती धागाच कापते. स्टीलची पट्टी, सुरीची मागची बाजू, जुनं एटीएम कार्डसुद्धा चालतं. पाच-सहा वेळा ओढलं की हिरवट गर निघून जातो आणि हातात पांढरे, चकचकीत धागे उरतात. मग पट्टी उलटी धरून दुसरं टोक. हा क्षण भारी असतो, खरंच.

जड जात असेल तर पट्ट्या आधी उकळून घ्या. एक लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा, अर्धा तास. गर सैल होतो. ओकिनावातही राखेच्या पाण्यात उकळतात, तत्त्व तेच: अल्कलीमुळे धाग्यांना चिकटवून ठेवणारा भाग सुटतो. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं नको, सोडा त्याला खातो. आणि कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो हात भाजतो.

केळीच्या डागाबद्दल आपल्याकडे कुणाला सांगायची गरज नाही, पण कारण ऐका. चिकात फेनॉलिक पदार्थ असतात. हवा लागली की त्यांचं ऑक्सिडेशन होऊन ते काळपट पडतात आणि कापसाच्या धाग्याला असे चिकटतात की जात नाहीत. कापलेलं केळं काळं पडतं तीच प्रक्रिया. म्हणून जुने कपडे घाला आणि पट्ट्या खरवडेपर्यंत लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून ठेवा. आम्लामुळे ही प्रक्रिया मंदावते, धागा पांढरा राहतो. आणखी एक: रबरी फुगे किंवा रबरी हातमोजे लागले की ज्यांना खाज सुटते, त्यांनी हे काम जपून करावं. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्या काहींना केळीचाही त्रास होतो.

धुतलेला धागा जुन्या फणीने विंचरा आणि सावलीत वाळवा. जळगावच्या मे महिन्यात काही तासांत वाळेल, पण थेट उन्हात तो ठिसूळ होतो.

आता दोरी. इथे माझ्यातला इंजिनियर खूश होतो. धाग्यांचा एक झुबका घ्या, मधोमध न धरता जरा एका बाजूला दुमडा, म्हणजे दोन्ही शेपट्या लांबीला सारख्या राहणार नाहीत. वरच्या शेपटीला स्वतःपासून दूर पीळ द्या आणि ती खालच्या शेपटीवरून आपल्याकडे आणा. आता जी वर आलीय तिला दूर पीळ द्या, पुन्हा आपल्याकडे आणा. बस्स, हेच करत राहायचं. प्रत्येक धागा एका दिशेने उलगडू पाहतो आणि दोरी उलट्या दिशेने, दोघं एकमेकांना अडवतात, म्हणून गाठ न मारताही दोरी सुटत नाही. एक शेपटी बारीक झाली की नवा झुबका दोन-तीन इंच आत घालून पीळ चालू ठेवायचा. लांबी सारखी नको म्हणालो ते यासाठीच, नाहीतर दोन्ही जोड एकाच जागी येतात आणि दोरी तिथेच तुटते.

या दोरीचं काय करायचं? सगळ्यात सोपं म्हणजे चहाच्या कपाखालचं कोस्टर. दोरी चकलीसारखी गोल फिरवत न्यायची आणि गोधडीच्या सुईने कडेकडेने टाके घालायचे. ५ मिलिमीटर जाड दोरी असेल तर १० सेंटिमीटरच्या कोस्टरला साधारण १६० सेंटिमीटर लागते. व्यास दुप्पट केला तर दोरी चौपट, हे विसरू नका. ताटाखालचं मोठं आसन करायला घेणाऱ्यांची हिंमत इथेच सुटते.

तीच चकली तीन सेंटिमीटरची केली की कानातलं. वरचा हुक जळगावात फुले मार्केटमध्ये, धुळ्यात आग्रा रोडला मिळेल. स्वस्तातल्या हुकात निकेल असतं आणि कान चिघळतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचा मागा.

भिंतीवर टांगायचं काही करायचं असेल तर वरच्या आडव्या काठीसाठी दुकानातली डॉवेल कशाला? कापसाची पऱ्हाटी घ्या. धुळेकरांनो, तुमच्याकडे केळी कमी असतील, पऱ्हाट्या कमी नाहीत. फक्त तिला चिकटलेली सुकी बोंडं काढून जाळून टाका. त्यात गुलाबी बोंडअळी दडलेली असू शकते, आणि कृषी खातं पऱ्हाट्या साठवू नका म्हणतं ते त्याचमुळे.

रंग द्यायचा तर हळद सगळ्यात सोपी, पण उन्हात महिन्याभरात फिकी पडते. बीट तर धुण्यातच जातं. टिकाऊ हवं असेल तर कांद्याची सालं. धागा आधी तुरटीच्या पाण्यात तासभर ठेवा, मग सालं उकळलेल्या पाण्यात टाका. सोनेरी-तांबूस रंग येतो, आणि तुरटीमुळे तो धाग्याला धरून राहतो.

आता, विषय केळीचा आहे तर कुणीतरी विचारणारच: केळीची साल चेहऱ्यावर घासली की ‘नॅचरल बोटॉक्स’ होतं का? नाही. बोटॉक्स स्नायूत सुईने टोचतात, तो स्नायू सैल करतो. साल त्वचेवरून स्नायूपर्यंत पोचत नाही. थोडा ओलावा मिळेल, तेवढाच. केळ्याचा हेअर मास्क लावायचा तर कुस्करलेलं केळं फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर दोन दिवस केसांतून कण वेचत बसाल. आणि त्यात लिंबू पिळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

शेवटी दोन गोष्टी तोरणाबद्दल, कारण दिवाळीला बरेच जण तेच करतील. वाळलेला केळीचा धागा कापसाच्या वातीसारखा पेट घेतो, त्यामुळे खाली पणती ठेवायची नाही, एलईडी माळ चालेल. आणि पावसाळ्यात तो ओल धरतो आणि बुरसतो. जूनच्या आधी उतरवा, एक दिवस चांगला वाळवा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिथे ओल कोंडते.