विद्यानगर किती उंचावर?

हैदराबादच्या विद्यानगरात उभं राहून फोनमधलं जीपीएस अ‍ॅप उघडलं, की उंची बऱ्याचदा चारशे तीस मीटरच्या आसपास दिसते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा त्याच परिसराला पाचशे मीटरच्या घरात ठेवतो. फोन बिघडलेला नसतो आणि नकाशाही चुकलेला नसतो. दोघे वेगवेगळ्या पातळीपासून मोजतात.

नकाशातली उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची. आपल्याकडे ही पातळी १९०९मध्ये बंदरांमधल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून निश्चित झाली; त्यांत मुंबईचं अपोलो बंदरही होतं. उपग्रह मात्र पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून उंची देतात. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही, म्हणून समुद्रसपाटी या लंबगोलाच्या कुठे वर असते, कुठे खाली. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती सुमारे १०६ मीटर खाली जाते; जगात इतका खोल खळगा दुसरा नाही. हैदराबादही त्याच्या उतारावरच आहे, इथे फरक साधारण ७६ मीटर. उप्पल रस्त्यावरच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत कायमस्वरूपी जीपीएस केंद्र आहे. त्याची नोंदलेली उंची ४४१ मीटर, अर्थात लंबगोलापासूनची. काही अ‍ॅप हा फरक आपणच दुरुस्त करतात, काही करत नाहीत. आपलं कोणतं, हे आधी तपासावं.

गुरुत्वाकर्षणाच्या या विषमतेने जुन्या सर्वेक्षकांनाही छळलं. १८१८मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट हैदराबादेत सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनचा साहाय्यक म्हणून रुजू झाला. ओळंबा लंबगोलाशी काटकोनात न राहता कलतो, याचा हिशेब लावणं एव्हरेस्टच्या काळापासून सर्वेक्षणाच्या कामाचा मोठा भाग ठरला.

दुरुस्ती केली तरी जीपीएसची उभी मोजणी आडवीपेक्षा कच्चीच राहते, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. उंच इमारतींच्या गल्लीत आकडा जागच्या जागी वरखाली होतो, आणि अ‍ॅप ती प्रत्येक उडी चढ म्हणून बेरजेत धरू शकतं. मग सपाट रस्त्यावर फिरूनही मोठी चढाई केल्याचं दिसतं. उपग्रहांवरून बनवलेल्या उंचीच्या डिजिटल नकाशांचीही मर्यादा आहे. त्यांतले चौकोन बहुधा तीस-तीस मीटरचे असतात. शेजारच्या अडिकमेटच्या उड्डाणपुलाचा चढ पायांना जाणवतो, पण या नकाशांत नीट दिसत नाही.

छोट्या चढासाठी वायुभारमापक असलेलं घड्याळ किंवा फोन सर्वांत चांगला, असं माझं ठाम मत आहे. इथल्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं, की हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरतो, आणि चांगला संवेदक त्याचा छोटा अंशही टिपतो. अडचण हवेचीच. उष्ण प्रदेशात दाब सकाळी दहाच्या सुमारास वर जातो आणि दुपारी चारच्या सुमारास तळाला येतो. तीन हेक्टोपास्कल उतरले, तर घरात बसूनही घड्याळ पंचवीस-तीस मीटर चढल्याचं सांगेल.

म्हणून सुरुवात माहीत असलेल्या उंचीवरून करावी. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिथे घड्याळ जुळवून घ्यावं. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून फेरी मारून त्याच फलकाशी परतावं आणि आकडा पुन्हा वाचावा. तो चार मीटरने वर सरकला असेल, तर ते चार मीटर वाटेतल्या नोंदींवर वेळेच्या प्रमाणात वाटून टाकावेत: अर्ध्या वेळेला घेतलेल्या नोंदीतून दोन वजा करावेत, पाव वेळेच्या नोंदीतून एक.