मावशी टिटवाळ्याला का पोहोचली? लिस्पमधल्या एका छोट्या गेमची गोष्ट

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहतो. गावाहून पहिल्यांदाच येणाऱ्या मावशीला मी फोनवर सांगितलं, "दादरहून कल्याणच्या पुढे जाणारी लोकल पकड." ती कसारा लोकलमध्ये बसली आणि थेट टिटवाळ्याला उतरली.

यावरूनच मी एक छोटा गेम बनवला: दादरला उभ्या पाहुण्याला अंबरनाथला पोहोचवायचं. भाषा निवडली लिस्प. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत तिच्यावर काम सुरू केलं. तिच्यात सगळं कंसांतल्या याद्यांमध्ये लिहितात. माझ्या गेममधली माहिती अशी:

(पुढचं कल्याण शहाड)
(पुढचं कल्याण विठ्ठलवाडी)
(पुढचं विठ्ठलवाडी उल्हासनगर)
(पुढचं उल्हासनगर अंबरनाथ)

नॉलेज रिप्रेझेंटेशन म्हणजे काय?

माहिती अशी मांडायची की न सांगितलेली गोष्टही कॉम्प्युटरला तिच्यातून काढता यावी. मॅकार्थींच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातलं उदाहरणही असंच आहे. माणूस घरी टेबलाशी बसलाय, कार घरीच आहे, विमानतळावर जायचंय. आधी कारपर्यंत चालत जायचं, मग ती चालवायची, हे प्रोग्रॅमनं स्वतः ठरवायचं.

गेम कुठे चुकला?

माझा पहिला नियम होता: गाडी कल्याणच्या पुढे जात असेल तर बस. गेमनं पाहुण्याला कसारा लोकलमध्ये बसवलं! मावशीला सांगितलेलंच वाक्य मी कॉम्प्युटरलाही दिलं होतं. कल्याणला रूळ दोन दिशांना फुटतात, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगायचं राहूनच जातं.

नवा नियम: दादरपासून गाडीच्या शेवटच्या स्टेशनपर्यंतच्या वाटेवर अंबरनाथ लागत असेल, तरच बस. पुढच्या स्टेशनांची माहिती भरल्यावर बदलापूर, कर्जत, खोपोली या गाड्या चालतील, हे गेमनं आपोआप ओळखलं.

याचा आज काय उपयोग?

आजचे चॅटबॉट प्रचंड मजकुरातून शिकतात. त्यांचं एखादं उत्तर नेमकं कुठून आलं, हे शोधणं अवघड असतं. माझा गेम फार थोडं जाणतो, पण "का?" विचारलं की वापरलेली प्रत्येक ओळ दाखवतो. चूक सापडली ती त्यामुळेच.

मावशी पुढच्या महिन्यात परत येतेय. या वेळी तिला गाड्यांची नावंच लिहून पाठवलीत.