आतड्याची पाळ राखणारे जिवाणू

गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथला लहान शेतकरी शेतीच्या जोडीला गाय, दोन-चार शेळ्या आणि परसात कोंबड्या राखतो. पावसाळ्यात करडा-वासरांना हगवण लागली की अँटिबायोटिक हाच पहिला उपाय सुचतो. पण जंतू मारण्याइतकेच आतड्याचे अस्तर शाबूत राखणे महत्त्वाचे आहे, आणि त्या कामी उपकारक जिवाणूंची, म्हणजे प्रोबायोटिकची, खरी मदत होऊ शकते. हे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. तलावाची पाळ जशी शेताला लागेल तेवढे पाणी सोडते आणि बाकीचे अडवते, तसे ते पोषकद्रव्ये आत घेते आणि जंतू व त्यांची विषे बाहेर थोपवते. पेशींमधल्या फटी प्रथिनांच्या सांध्यांनी मिटलेल्या असतात आणि वर बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू आम्ल तयार करतात, घातक जंतूंची जागा आणि अन्न पळवतात. काही जातींमुळे हे सांधे घट्ट राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्ये दाखवले, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना दिले तर साल्मोनेला या घातक जंतूला तिथे सहज ठाण मांडता येत नाही.

यावर रास्त आक्षेप आहे, की पाकिटे पुष्कळ विकली जातात आणि गुण सगळीकडे सारखा येत नाही. ते खरेच आहे. एका जातीचा गुण दुसरीत असेलच असे नाही, आणि धडधाकट मोठ्या जनावराला फायदा थोडाच. विदर्भाच्या उन्हाळ्यात नीट न ठेवलेल्या पाकिटातले नाजूक जिवाणू मरतात. बॅसिलसचे बीजाणू मात्र उष्णता सोसतात. पण यातून निष्कर्ष निघतो तो पारखून घेण्याचा, टाकून देण्याचा नव्हे. नवजात पिल्ले, दूध तुटतानाचा काळ आणि अँटिबायोटिकनंतरचे दिवस, इथे या मदतीला सर्वाधिक अर्थ आहे. घरचे ताक पुरेल का? त्यात कोणते जिवाणू किती, हे ठरलेले नसते, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. प्रोबायोटिककडे वळण्याला आणखी एक कारण आहे: अँटिबायोटिकचा सरसकट वापर जंतूंना निगरगट्ट करतो. म्हणूनच युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठी ती खाद्यात घालणे बंद केले आणि भारताने 2019 मध्ये पशुपालनात कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आणली.

तरीही चिकाची जागा कोणतेही पाकीट घेऊ शकत नाही. गाय-शेळीच्या गर्भात आईची प्रतिपिंडे पोहोचत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषण्याची आतड्याची ताकद साधारण 24 तासांत संपते. म्हणून आधी पहिल्या काही तासांत चीक, कोरडा गोठा, लसीकरण आणि जंतनाशक, मग प्रोबायोटिक. घेताना जिवाणूचे नाव, जिवंत संख्या आणि मुदत वाचा. शेणात रक्त दिसले किंवा पिल्लू मलूल पडले, तर वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवा.