‘सगळं आत’ म्हणजे काय? जमैकातल्या चार दिवसांनी शिकवलेला हिशोब



मागच्या व्हिडिओत पॅकेजचा भाव कसा लावायचा ते सांगताना मी ओघात म्हणून गेले, “हे मला जमैकात समुद्रावर पडल्या पडल्या कळलं.” तेव्हापासून विचारणा चालू आहे, की मॅडम, कराडचं मिक्सर-एसीचं दुकान कुठं आणि जमैका कुठं? व्हिडिओत वेळ पुरत नाही, म्हणून इथं नीट बसून सांगते. यात माझा साडेअठ्ठावीस हजारांचा तोटाही आहे. तो वाचलात, तर तुमचा वाचेल.

2023 चा फेब्रुवारी. माझे दीर न्यू जर्सीला असतात. लग्नाला दहा वर्षं झाली तरी दुकान सोडून कुठं गेला नाहीत, असं म्हणून त्यांनी आणि जाऊबाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि तिथून चौघांचं चार रात्रींचं जमैकाचं बुकिंगही करून टाकलं. मुलं कराडला आजी-आजोबांकडे. नेवार्कहून विमानानं साधारण चार तासांत मॉन्टेगो बे. तिथून गाडीनं दीडेक तास पश्चिमेला, समुद्र उजव्या हाताला ठेवून, बेटाच्या पार टोकाला नेग्रिल. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे तेवढ्यापुरतं घरच्यासारखं वाटलं.

रिसॉर्ट शांत होतं. बसक्या इमारती, मध्ये झाडी, झाडांना बांधलेले झोपाळे आणि समोर पांढऱ्या वाळूचा लांबच लांब किनारा. सेव्हन माइल बीच म्हणतात त्याला. बाहेर प्रवाळाची रांग आहे, तिथंच लाटा फुटतात, म्हणून किनाऱ्याजवळचं पाणी तळ्यासारखं. सूर्य मात्र आपल्या कोकणासारखाच थेट समुद्रात बुडतो. पोहोचल्या पोहोचल्या मनगटावर एक पट्टी बांधली आणि सांगितलं, आता जायच्या दिवसापर्यंत खाणं, पिणं, खुर्ची, टॉवेल, साधी होडी, सगळं यात आलं. टिपसुद्धा द्यायची नाही.

माझ्या मिस्टरांना ते पटेना. समुद्रावर जाताना त्यांनी पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चड्डीच्या खिशात घातलं. शहाळ्याचं पाणी आलं की “हाउ मच?” ज्यूस आला की “हाउ मच?” तो पोरगा प्रत्येक वेळी हसायचा आणि आपल्या मनगटाकडे बोट दाखवायचा. संध्याकाळपर्यंत हे चारदा झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट खोलीतल्या तिजोरीत राहिलं. आणि तुम्हाला सांगते, माणूस पहिल्यांदा त्या दिवशी पाय पसरून बसला.

माझी गत वेगळी होती. डोक्यात दुकान. जमैकाचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं. कराडला सकाळी दहाला शटर वर जातं तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे साडेअकरा, आणि रात्री नवाला शटर खाली येतं तेव्हा तिथं सकाळचे साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहानंतर झोपेपर्यंत माझं दुकान बंदच! फोन करायला कुणी जागंच नाही. एवढा साधा हिशोब दुसऱ्या दिवशी लक्षात आला आणि मग मीही झोपाळा धरला.

जेवणाचं म्हणाल, तर न्याहारीला अ‍ॅकी नावाचं फळ खारवलेल्या माशाबरोबर परतून देतात. दिसायला अगदी अंडाभुर्जी. कलालू म्हणून पालेभाजी होती, ती आपल्या माठाच्याच कुळातली. आणि करी गोट! वासावरूनच मिस्टर म्हणाले, “हे आपलं आहे.” खरंच आहे. 1845 साली हिंदुस्थानातून कराराचे मजूर घेऊन पहिलं जहाज जमैकाला पोचलं, त्या लोकांबरोबर ही करी तिथं रुजली. ताटं किती घेतली, कुणी मोजत नव्हतं.

भाव एकदाच, आधीच

झोपाळ्यात पडल्यावर धंद्याचं डोकं बंद होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मी विचार करत होते, की आपण महाबळेश्वरला जातो तेव्हा असं का होत नाही? तिथंही हवा चांगली, निसर्ग चांगला. पण दर अर्ध्या तासाला एक निर्णय असतो. पार्किंगचे किती? घोड्याचे किती? मुलांना अजून एक स्ट्रॉबेरी क्रीम घ्यायचं का? रक्कम लहान असते, पण प्रत्येक वेळी मन थोडं आखडतं. नेग्रिलला ही सगळी घासाघीस दिरांनी महिनाभर आधी कॉम्प्युटरवर एकदाच केली होती. पैसे कमी गेले नव्हते हो, चांगले सणसणीत गेले होते. पण एकदा गेले आणि विषय संपला.

ही कल्पना कॅरिबियनमध्ये जन्मली नाही. 1950 मध्ये जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन माणसानं स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून क्लब मेड सुरू केला, तिथं राहणं-जेवण-खेळ एकाच रकमेत. बारमधल्या पेयांसाठी पुढं मण्यांच्या माळा आल्या, म्हणजे नोटा हातात नकोतच. जमैकात 1978 मध्ये जॉन इसा यांनी फक्त जोडप्यांसाठी ‘कपल्स’ हे ऑल-इनक्लुझिव्ह हॉटेल चालू केलं. आणि 1981 मध्ये गॉर्डन ‘बुच’ स्ट्यूअर्ट यांनी मॉन्टेगो बेमधलं बे रॉक हॉटेल घेऊन पहिलं सँडल्स उभं केलं.

हे स्ट्यूअर्ट कोण, माहितीये? एसी विकणारे! 1968 मध्ये त्यांनी अप्लायन्स ट्रेडर्स नावाची कंपनी काढली, अमेरिकेतल्या फेडर्स कंपनीचे एसी विकायला. हॉटेलचा अनुभव नव्हता, पण गिऱ्हाईक सांभाळायचा होता. एसीच्या दुकानदारानं जगभर नाव होईल अशी हॉटेलं काढली, हे वाचलं आणि मी झोपाळ्यातून उठून बसले.

कारण मला आमचे एक गुरुजी आठवले.

पैसे बरोबर होते, वेळ चुकली होती

2022 च्या मे महिन्यात एक निवृत्त शिक्षक आमच्याकडून एसी घेऊन गेले. काउंटरवर आम्ही सांगितलं, फिटिंगचे 1,500 वेगळे. घर तिसऱ्या मजल्यावर. फिटर गेला. तांब्याची पाइप जास्त लागली, तिचे वेगळे. बाहेरच्या युनिटला स्टँड, त्याचे वेगळे. भिंतीला भोक, ड्रेनची नळी, वायर. शेवटी दारात उभं राहून त्यांच्याकडून आणखी 5,900 रुपये घेतले. प्रत्येक रुपया खरा होता, पावती होती. गुरुजींनी एक शब्द न बोलता पैसे दिले. पण सहा महिन्यांनी मुलीच्या लग्नाचा फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं दुसऱ्या दुकानातून गेलं.

तेव्हा मला राग आला होता. नेग्रिलला कळलं, की गुरुजींचं मन रकमेनं मोडलं नाही, ते दारात उभं राहून चार वेळा खिशात हात घालावा लागल्यानं मोडलं.

मार्चमध्ये परत आल्या आल्या मी बोर्ड लावला: “एसी फिटिंग फक्त 2,500 रुपये. पाइप, स्टँड, सगळं आत.” सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, म्हणाले, “पोरी, वरचं वरच राहू दे. आत घेतलंस तर आतून पोखरेल.” मी हसले. बीबीए मी, कॉस्टिंग शिकवते मी!

त्या उन्हाळ्यात 31 एसी गेले. सीझन संपल्यावर बेरीज केली, तर एका फिटिंगला सरासरी 3,420 रुपये खर्च आला होता. म्हणजे प्रत्येकी 920 चा खड्डा. एकूण 28,520 रुपये. 2,500 हा आकडा कुठून आणला होता? अंदाजानं. बरा दिसतो म्हणून.

त्यांना परवडतं कसं?

मग रिसॉर्टचं काय? तिथं तर लोक तीन-तीन ताटं घेत होते. त्यांना परवडतं, कारण ते एकेका गिऱ्हाइकाचा हिशोब करत नाहीत, हजारो गिऱ्हाइकांच्या सरासरीचा करतात. कुणी दहा पेयं पितो, माझ्यासारखी दोन शहाळ्यांवर थांबते. पैसे आधी हातात येतात. किती तोंडं आहेत ते आधी कळतं, त्यामुळे किती कोंबड्या, किती तांदूळ, हे ठरवून खरेदी होते. प्रत्येक ग्लासचं बिल करायला माणूस लागत नाही.

आणि ‘सगळं’ला सुद्धा कुंपण असतं. आमच्या पट्टीत मसाज नव्हता, इंजिनाची स्कूटर नव्हती. पण ते बुकिंगच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. दारात कुणी सांगितलं नाही.

मामांनी माळ्यावरून जुन्या बिलांचा खोका काढून दिला. बोलले काही नाहीत, नुसता समोर ठेवला. आदल्या वर्षीची 40 बिलं आणि माझी 31, अशी 71 बिलं मी दोन रात्री बसून वहीत उतरवली. त्यातली 63 घरं तिसऱ्या मजल्यापर्यंतची आणि 6 मीटर पाइपच्या आतली निघाली, त्यांची सरासरी 3,050. उरलेली 8 घरं खरी महाग, दुप्पट खर्चाची. साध्या घरांतही 2,500 कमीच पडत होते, महाग घरांनी खड्डा आणखी खोल केला होता.

दोरीच्या पलीकडे कोण उभं आहे?

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही.

नेग्रिलच्या त्या वाळूत एक दोरी होती. दोरीच्या अलीकडे आमच्या खुर्च्या. पलीकडे एक बाई लाकडात कोरलेले पक्षी घेऊन रोज उभी असायची. खूप सुंदर काम. पण आमची पाकिटं तिजोरीत! ज्या शांततेचं मी कौतुक करत होते, तिचा तिला एक पैशाचा फायदा नव्हता. तिसऱ्या दिवशी मी खोलीत जाऊन पैसे आणले आणि एक पक्षी घेतला. तो आमच्या काउंटरवर आहे.

तरी मी तीच चूक घरी केली. आमचा फिटर जास्तीच्या पाइपवर, स्टँडवर चार पैसे मिळवायचा. मी सगळं आत घेतलं आणि त्याला एका फिटिंगचे ठरावीक पैसे बांधून दिले. तिसरा मजला असो की तळमजला, तेवढेच. ऐन मे महिन्यात त्यानं माझा फोन उचलणं बंद केलं. मला वाटलं, माजलाय. खोका उपसताना कळलं, की त्याची कमाई मीच दोरीच्या पलीकडे ठेवली होती.

2024 ला नवीन भाव लावला: 3,050 ची सरासरी, फिटरला मजल्याप्रमाणे वाढवून दिलेले सरासरी 300, आणि चुकीमाकीला 250. एकूण 3,600. बोर्डावर खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात: “तिसऱ्या मजल्यापर्यंत, 6 मीटर पाइपपर्यंत. त्यापुढं आधी घर बघून भाव सांगू.” 2,500 पेक्षा बराच मोठा आकडा. मला धडधड होत होती. त्या सीझनला 44 एसी गेले. दारातलं भांडण एकही नाही. फिटर परत आला. फिटिंगमध्ये मोठा नफा नाही, पण खड्डाही नाही.

गुरुजी अजून आलेले नाहीत. त्यांच्या खालच्या मजल्यावरचे आले होते.

आता तुमची वही काढा

तुमचा धंदा केटरिंगचा असो, ब्लाउज शिवायचा असो, कोकणातला होमस्टे असो, ‘सगळं आत’चा बोर्ड लावायच्या आधी एवढं करा:

1. मागची किमान 40 बिलं घ्या. सरासरी काढा. बिलं नसतील, तर एक सीझन थांबा आणि लिहा. अंदाजानं लावू नका.
2. सगळ्यात महाग 8-10 गिऱ्हाइकं वेगळी काढा. ती का महाग पडली, ते लिहा. तेच तुमचं कुंपण.
3. कुंपण मोठ्या अक्षरात आणि आधी सांगा.
4. तुमच्या ‘वरच्या’ पैशांवर आणखी कुणाचं घर चालतं का ते बघा. भाव ठरवताना त्याला समोर बसवा.
5. थोडी गादी ठेवा. आमची 250 ची आहे.

आणि हो, वर्षातून चार दिवस शटर दुसऱ्याच्या हातात द्या. जमैकाच हवं असं नाही. पण ज्या ठिकाणी तुम्ही गिऱ्हाईक होऊन निवांत बसाल, तिथं स्वतःला एक प्रश्न विचारा: मला इथं कशाची काळजी उरली नाही? तीच काळजी तुमच्या गिऱ्हाइकाची कशी काढता येईल, तिथून तुमचा पुढचा भाव सुरू होतो.

तुमची बिलं काढा, सरासरी किती आली ते मला कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण त्यातली दोन-तीन उदाहरणं फळ्यावर सोडवू.

भेटूया!